धूलियुक्त प्लाझ्मा: एकल तरंगाचे शिखर अपेक्षेपेक्षा लवकर का खचते?

एमएस्सी_दारव्हा
नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याजवळच्या एका खेड्यात राहतो आणि एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी धूलियुक्त प्लाझ्मातल्या (विद्युतभारित धूलिकण मिसळलेल्या आयनित वायूतल्या) धूलिध्वनिक एकल तरंगांच्या अवमंदनाचे, म्हणजे ते विरत जाण्याचे, गणित करत आहे. धूलिध्वनिक तरंगात धूलिकणच ध्वनीसारखे दाटविरळ होतात, आणि एकल तरंग म्हणजे आकार टिकवून पुढे जाणारा एकच उंचवटा. धूलिकणांना उदासीन वायूकडून होणारा विरोध धरला, तर केडीव्ही (कोर्टेवेग-डी व्रीस) या एकल तरंगाच्या समीकरणात आयामाच्या (प्रत्येक ठिकाणच्या तरंगाच्या उंचीच्या) प्रमाणातले एक क्षयपद वाढते. विरोधाचा दर मी ०.०२ घेतला. तो फक्त संवेगाच्या समीकरणात येत असल्याने तरंगाच्या वाट्याला त्याचा निम्मा, म्हणजे ०.०१ एवढा क्षयदर येतो, इथपर्यंत मला पटले आहे. अरेषीय पदाचा सहगुणक ६ ठेवून आणि सुरुवातीची उंची २ घेऊन संगणकावर समीकरण सोडवले, तेव्हा शिखराच्या लॉग-आलेखाचा उतार ०.०१ यायला हवा होता, पण तो ०.०१३३ च्या आसपास येतो. शिवाय तरंग हळूहळू रुंद होत जातो, आणि आलेख बराच मोठा करून पाहिला की त्याच्या मागे शून्याखाली गेलेला एक लांबट, उथळ पट्टा दिसतो. मला संगणकातल्या पटाच्या (ज्या लांबीवर समीकरण सोडवले तिच्या) सीमेवरच्या अटींचा संशय आहे. गावात वीज टिकेल तेवढाच वेळ लॅपटॉप चालतो, त्यामुळे प्रत्येक शक्यता चालवून पाहण्यापेक्षा दोष कुठे असेल ते आधी कागदावर समजून घ्यायचे आहे.

तालुक्याचा_मास्तर
तुमचा प्रोग्राम बरोबर आहे. अपेक्षा तेवढी साध्या तरंगाची धरली आहे. साध्या तरंगात उंची आणि रुंदी एकमेकींना बांधलेल्या नसतात. एकल तरंगात मात्र अरेषीयता (उंच भाग जास्त वेगाने धावणे) तरंगाला उभा करत असते आणि अपस्करण (वेगवेगळ्या तरंगलांब्यांचे वेग वेगळे असणे) त्याला पसरवत असते, आणि या दोहोंचा तोल उंची गुणिले रुंदीचा वर्ग ही राशी स्थिर असेल तेव्हाच राहतो. त्यामुळे उंची उतरली की रुंदी वाढावीच लागते.

आता ऊर्जेचा हिशेब मांडा. आयामाच्या वर्गाचे संकलन (सबंध पटावरची बेरीज) ०.०२ या दराने घटते, यात वाद नाही. एकल तरंगात हे संकलन उंचीचा वर्ग गुणिले रुंदी, म्हणजेच उंचीच्या दीड घाताच्या प्रमाणात असते. उंचीचा दीड घात ०.०२ या दराने घटत असेल, तर उंची ०.०२ भागिले १.५, म्हणजे ०.०१३३ या दराने घटणार. तुम्हाला मिळालेला आकडा हाच आहे. एकल तरंगांच्या अवमंदनाचा असा विचार ऑट आणि सुदान यांनी १९७० मध्ये मांडला होता. प्रकल्प लिहिताना मूळ विरोधदराच्या दोन तृतीयांश आणि समीकरणातील क्षयदराच्या चार तृतीयांश, ही दोन्ही रूपे एकाच गोष्टीची आहेत हे स्पष्ट लिहा, कारण परीक्षक नेमके इथेच अडवतात.

मागच्या पट्ट्याचे उत्तरही हिशेबातच आहे. आयामाचे साधे संकलन, म्हणजे आलेखाखालचे क्षेत्रफळ, एकूण ०.०१ या दराने घटायला हवे. पण एकल तरंगाचे स्वतःचे क्षेत्रफळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते, म्हणून ते ०.००६७ या दरानेच कमी होते. उरलेला एक तृतीयांश तोटा कुणीतरी भरून दिला पाहिजे, आणि तो शून्याखालच्या शेपटीतून भरला जातो. तुमच्या आकड्यांत सुरुवातीला तिची खोली शिखराच्या हजारात एक-दोन भाग एवढीच येईल. सीमेचा दोष असता, तर गडबड पटाच्या कडेपासून आत शिरली असती. हा पट्टा तरंग जिथून निघाला तिथपासून तो आता जिथे आहे तिथपर्यंत पसरलेला असेल. एवढे तपासले तरी संशय फिटेल.

प्लाझ्मा_गोंदिया
सरांच्या उत्तरात एक मर्यादा जोडतो. हा हिशेब तरंगाला आपला आकार सावरायला पुरेसा वेळ मिळतो असे धरून केलेला आहे. हा सावरण्याचा वेळ उंचीच्या दीड घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणजे उंची उतरत गेली की तो लांबत जातो, आणि क्षयाचा वेळ मात्र तेवढाच राहतो. तुमच्या आकड्यांत उंची साधारण ०.०५ पर्यंत खाली आली की दोन्ही वेळा सारख्या होतात. त्यापुढे उंची आणि रुंदीचा तोल सुटतो आणि उतार हळूहळू ०.०१ कडे वळतो. सबंध आलेखावर एकच सरळ रेषा बसवाल, तर कुठलाच अपूर्णांक नीट मिळणार नाही.

प्रयोगाची बाजूही लक्षात असू द्या. धूलिध्वनिक तरंगांचे भाकीत राव, शुक्ला आणि यू यांनी १९९० मध्ये केले. आयोवा विद्यापीठात बार्कन, मर्लिनो आणि डी'अँजेलो यांनी १९९५ मध्ये ते पाहिले, तेव्हा वेग सेकंदाला सुमारे ९ सेंटिमीटर आणि तरंगलांबी सुमारे ०.६ सेंटिमीटर होती. लेझरची पातळ चादर टाकून साध्या व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपता येईल इतका हा तरंग संथ असतो. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतील गटाने २००८ मध्ये धूलिध्वनिक एकल तरंगांचा प्रयोग प्रसिद्ध केला. अशा प्रयोगांत वायूचा दाब दुप्पट केला की विरोधाचा दरही दुप्पट होतो आणि कण मोठा घेतला की तो कमी होतो, म्हणून दाब हीच हाताशी असलेली सोयीची किल्ली आहे.

कणावरचा विद्युतभार बदलत राहिल्यानेही क्षय होतो, हे तुम्ही वाचले असेल. पण या संथ तरंगाच्या एका आवर्तनाच्या मानाने भार फार लवकर स्थिरावतो, म्हणून इथे वायूचा विरोधच वरचढ ठरतो. वेगवान धूलि-आयन-ध्वनिक तरंगांवर (ज्यांत धूलिकणांऐवजी आयन हलतात) काम कराल, तेव्हा भाराचा हा उशीर वगळता येणार नाही.

एमएस्सी_दारव्हा
सर, दोघांचेही आभार. दोन्ही संकलने वेगवेगळी छापून पाहिली. साध्याचा उतार ०.०१ आणि वर्गाचा ०.०२ येतो, आणि पट्टा निघाल्या ठिकाणापासूनच सुरू होतो. उंची फार उतरल्यानंतरचा भाग पाहायला पट बराच लांब घ्यावा लागेल, नाहीतर तरंग फिरून स्वतःच्याच शेपटीत शिरतो. आज रात्री वीज राहिली तर तो चालवतो आणि उतार नेमका कुठे वळतो ते इथे लिहितो.