मदत हवी आहे: सासूबाईंच्या आजोळची वंशावळ, गाव ईम, डर्बीशायर
मंडळी, मी शेफील्डला असते, नवरा इंग्लिश, आणि सासूबाईंचं आजोळ ईम (स्पेलिंग भलतंच आहे, उच्चार ईमच), म्हणजे 1665-66 च्या प्लेगमध्ये ज्या गावाने स्वतःला कोंडून घेतलं तेच, वेशीवरच्या दगडाच्या भोकांत व्हिनेगर घालून त्यात पैसे ठेवायचे अन् बाहेरचे लोक धान्य ठेवून जायचे. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी तिथे आठवणीची प्रार्थना असते, तेव्हा सगळे जाणार आहोत, त्याआधी वंशावळ काढून द्यायचीये. 1841 च्या जनगणनेपर्यंत पोचले, पण 1837 च्या आधी जन्ममृत्यूची सरकारी नोंदच नाही, मग चर्चची रजिस्टरं, आणि ते अक्षर म्हणजे आपली मोडी परवडली! मॅटलॉकच्या रेकॉर्ड ऑफिसात (डर्बीशायरच्या जुन्या नोंदी ठेवतात तिथे) कोणी गेलंय का? आधी वेळ घ्यावी लागते की घरबसल्या स्कॅन मिळतात?