नदीकाठी कॅम्पिंगला पाणी शिरलं, ओला टेंट फ्लॅटमध्ये कसा वाळवू?

कांदिवलीकर:
शनिवारी कर्जतजवळ उल्हास नदीच्या काठी टेंट लावला, संध्याकाळी नुसती रिपरिप होती म्हणून निवांत मॅगी करत बसलो आणि मध्यरात्री पाठीखालची मॅट हलायला लागली, झिप उघडली तर चपला तरंगतायत! गावातल्या एका काकांनी देवळात नेलं म्हणून निभावलं. आता टेंट चिखलाने माखलाय, कुबट वास मारतोय, वन बीएचके आहे आणि ऊन गायब. वॉशिंग मशीनला लावू का?

डोंबिवली_फास्ट:
मशीनला अजिबात नको!! आतलं वॉटरप्रूफ कोटिंग सुटतं. बाथरूममध्ये गार पाणी, स्पंज, थोडासा सौम्य साबण, बास. फ्लाय (टेंटवरचं पावसाचं कव्हर) आणि आतला टेंट वेगळे टांग, पंखा चालू. शिवणी चिमटीत धरून बघ, ओल तिथेच लपते.

घाटमाथा:
टेंटचं होईल रे, पण जागा काय ती! उल्हास वर राजमाचीच्या बाजूने येते, घाटात कोसळला की खाली पाऊस नसला तरी पाणी चढतं. जुलै २०१९ ला याच नदीच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस अडकलेली, हजारावर प्रवासी बाहेर काढावे लागले. पावसाळ्यात काठापासून लांब, उंचावरच लावायचा.

कांदिवलीकर:
पटलं. टेंट हॉलमध्ये टांगलाय, आई विचारते लग्न कोणाचं, मांडव घातलायस तो. वास नाही गेला तर व्हिनेगर चालेल का?

डोंबिवली_फास्ट:
चालेल, भरपूर पाण्यात थोडंसं. आधी कोपऱ्यात लावून बघ. आणि पूर्ण वाळल्याशिवाय पिशवीत कोंबू नकोस.