पोटाच्या डायलिसिसमध्ये पाणी गढूळ होण्याआधी संसर्ग ओळखता येईल का? मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यात कणकुंबीच्या बाजूला, चोर्ला रस्त्यापासून बरेच आत असलेल्या खेड्यात राहतो. माझ्या वडिलांचे, म्हणजे आप्पांचे, गेली तीन वर्षे घरीच पोटाचे डायलिसिस चालू आहे. दिवसातून चार वेळा दोन लिटर पाणी (डायलिसिसचे द्रावण) पोटात सोडणे, चार-सहा तास ठेवणे आणि काढून घेणे, हे काम आई आणि मी आळीपाळीने करतो. आठवड्यातून तीनदा बेळगावला नेऊन रक्ताचे डायलिसिस करणे आमच्याकडच्या पावसात जमण्यासारखे नव्हते, म्हणून हा मार्ग पत्करला आणि तो आप्पांना मानवलाही. काळजी आहे ती फक्त संसर्गाची.

संसर्ग कसा ओळखायचा, हे आम्हाला सुरुवातीलाच शिकवले होते. बाहेर काढलेल्या पाण्याची पिशवी वर्तमानपत्रावर ठेवायची आणि अक्षरे स्वच्छ वाचता आली तर पाणी चांगले समजायचे. आई त्यासाठी ‘तरुण भारत’चा एक अंक कॉटखाली कायम ठेवते. गेल्या जुलैत मात्र ही परीक्षा फसली. दोन दिवस करंट नव्हता, आभाळ इतके भरलेले की सकाळी अकरा वाजता घरात अंधार. मोबाइलच्या टॉर्चने पाहिले, तर उजेड प्लॅस्टिकवरच चकाकत होता आणि अक्षरे पुसट दिसत होती. आईने पदराने पिशवी पुसून पुन्हा पाहिले आणि उजेडच कमी आहे, असे आम्ही दोघांनी ठरवून टाकले. दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी तांदळाच्या धुवणासारखे आले आणि आप्पांना पोट दाबवेना.

रस्ता मोकळा होईपर्यंत म्हणून जवळच्या एका डॉक्टरांनी अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या. हेतू चांगलाच होता, पण नमुना घेण्याआधी औषध पोटात गेल्यामुळे बेळगावात केलेल्या कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीत, काहीच वाढले नाही. जंतू कोणता ते शेवटपर्यंत कळले नाही आणि ग्रॅम-पॉझिटिव्ह आणि ग्रॅम-निगेटिव्ह या जंतूंच्या दोन्ही मुख्य गटांवर चालणारी औषधे तीन आठवडे पिशवीतून द्यावी लागली. कॅथेटर, म्हणजे पोटात बसवलेली नळी, वाचला, हे आमचे नशीब. मधला तो एक दिवस वाचवता आला असता, हे माझ्या मनातून जात नाही.

त्यानंतर मी जमेल तसे वाचन केले. पोटदुखी किंवा गढूळ पाणी, पाण्याच्या एका मायक्रोलिटरमध्ये १०० पेक्षा जास्त पांढऱ्या पेशी व त्यांतील निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल (जंतूंशी लढायला आधी धावणाऱ्या पांढऱ्या पेशी), आणि कल्चरमध्ये जंतू सापडणे, या तीनपैकी दोन गोष्टी असल्या की पेरिटोनायटिसचे, म्हणजे पोटाच्या आतल्या आवरणाच्या संसर्गाचे, निदान पक्के मानतात. पेशींची मोजणी पाणी निदान दोन तास पोटात राहिलेले असेल तरच धरायची. कल्चरचा नमुना सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचावा, असेही सांगतात. ओढ्यावर पाणी चढले की आमच्यासाठी हे सहा तास कागदावरच राहतात.

म्हणून मला बायोमार्करविषयी, म्हणजे संसर्गाची खूण देणाऱ्या प्रथिनांविषयी, विचारायचे आहे. पोटाच्या आतल्या आवरणाला जंतूंची चाहूल लागली की तेथील पेशी इंटरल्युकिन-६ हे प्रथिन सोडतात आणि त्या हाकेला पांढऱ्या पेशी धावून येतात. आलेले न्यूट्रोफिल एमएमपी-९ व एनजीएएल ही प्रथिने सोडतात. पाणी डोळ्यांना गढूळ दिसते ते या पेशी पुरेशा जमल्यावर. म्हणजे पाण्यातली ही प्रथिने घरच्या घरी तपासता आली तर आपण उजेडावर अवलंबून राहणार नाही. ब्रिटनमध्ये इंटरल्युकिन-६ आणि एमएमपी-९ या दोहोंवर आधारलेली, गर्भचाचणीच्या पट्टीसारखी ‘पेरिप्लेक्स’ नावाची चाचणी तयार झाली आहे. कार्डिफ विद्यापीठातील संशोधकांनी तर अशा अनेक प्रथिनांच्या एकत्रित ठशावरून जंतू ग्रॅम-पॉझिटिव्ह की ग्रॅम-निगेटिव्ह याचाही अंदाज बांधता येतो, असे दाखवले आहे. आमच्यासारख्या, कल्चर कोरे आलेल्या घराला याचे मोल वेगळे सांगायला नको.

पेरिप्लेक्ससारखी पट्टी बेळगाव, कोल्हापूर, हुबळी किंवा गोव्यात कोणाला मिळाली आहे का, हा माझा पहिला प्रश्न. ती मिळत नसेल तर लघवी तपासण्याच्या पट्टीवरचा ल्युकोसाइट एस्टरेजचा (पांढऱ्या पेशींतल्या एन्झाइमचा) चौकोन डायलिसिसच्या पाण्यासाठी कोणी आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरला आहे का? ही पट्टी औषधाच्या दुकानात सहज मिळते. पण लघवीत साखर फार असेल तर या चौकोनाचा रंग फिका उमटतो, आणि आपल्या पाण्यात तर साखर घातलेलीच असते. रात्री आम्ही अडीच टक्के साखरेची पिशवी वापरतो. त्या पाण्यावर रंग खात्रीने उमटतो का, की दीड टक्क्याच्या पाण्यावरच तपासावे, हे अनुभव असणाऱ्याने सांगितले तर फार मदत होईल. रक्तातील सीआरपी आणि प्रोकॅल्सिटोनिन या संसर्गात वाढणाऱ्या प्रथिनांचाही विचार केला होता. मात्र मूत्रपिंड निकामी झालेल्यांमध्ये प्रोकॅल्सिटोनिन एरवीही थोडे वाढलेले असते आणि रक्त द्यायला शहरातच जावे लागते, त्यामुळे आमची अडचण त्याने सुटत नाही.

औषधाचा डोस मी विचारत नाही आणि तो कोणी येथे सांगूही नये. पट्टीने काहीही दाखवले तरी शंका आली की पिशवी घेऊन बेळगाव गाठायचे, हे आम्ही ठरवलेले आहे. पट्टी हवी आहे ती अंधाऱ्या दिवशी निघावे की नाही, हा निर्णय वेळेत घेता यावा म्हणून.

आप्पांची पुढची तपासणी मेच्या अखेरीस, मृग लागण्याच्या आत आहे. तोपर्यंत आलेले अनुभव मी एका कागदावर उतरवून नेफ्रॉलॉजिस्टांपुढे ठेवणार आहे. कोणती पट्टी, किती टक्क्यांचे पाणी, पोटात किती तास राहिलेले, आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत पेशी किती निघाल्या, एवढे चार तपशील दिलेत तरी पुरे.