मेथड चेनिंग: साखळी, माळ की आणखी काही?

कडीकोयंडा: पांडाजमध्ये (पायथन भाषेतली तक्त्यांवर काम करणारी लायब्ररी) एका तक्त्यावर टिंब देऊन मेथडमागून मेथड, म्हणजे तक्त्यावर चालणारी फंक्शनं, लावत जातात, त्या ‘मेथड चेनिंग’ला मराठीत काय म्हणावं? ‘साखळी पद्धत’ पटत नाही. ती कामाची एखादी रीत वाटते, आणि मेथड म्हणजे इथे पद्धत नव्हेच. ‘माळ’ चालेल का? ‘ओवणे’ हे क्रियापदही आयतं मिळतं.

स्तंभलेखक: माळेतल्या दोन मण्यांची अदलाबदल केली तरी ती माळच राहते. इथे आधी गाळून मग बेरीज करणं आणि आधी बेरीज करून मग गाळणं, यांची उत्तरं वेगळी येतात. शिवाय आरपार जाणारा दोराच नाही. जवळजवळ प्रत्येक मेथड नवा तक्ता हातात देते, पुढची त्यावर चालते, मूळ तक्ता जसाच्या तसा. ‘साखळी उपोषणा’त एक उठतो नि दुसरा बसतो, तो अर्थ इथे चपखल आहे. म्हणून ‘साखळी’, एका टप्प्याला ‘कडी’, आणि क्रियापद ‘साखळीत लावणे’. ‘दुवा’ नको, तो हायपरलिंकने कधीच पळवला.

(
नोंदी
.क्वेरी("नग > ०")
.असाइन(रक्कम=लॅम्डा त: त.नग * त.दर)
.ग्रुपबाय("शाखा", ड्रॉपएनए=फॉल्स)
.एजीजी(एकूण=("रक्कम", "सम"))
.रीसेट_इंडेक्स()
)

बाहेरचा कंस शोभेचा नाही. तो असला की ओळ कुठेही तोडता येते आणि नको ती कडी हॅश (#) लावून तात्पुरती बंद करता येते. कंसाऐवजी ओळीच्या शेवटी बॅकस्लॅश दिला, तर त्याच्यामागे एक स्पेस राहिली तरी सिंटॅक्स एरर.

लॅम्डातला (म्हणजे जागच्या जागी लिहिलेल्या बिननावाच्या फंक्शनमधला) ‘त’ म्हणजे त्या क्षणी साखळीत असलेला तक्ता. त्याऐवजी ‘नोंदी.नग * नोंदी.दर’ लिहिलं तर हिशेब मूळ तक्त्यावर होतो. वरच्या उदाहरणात इंडेक्स (ओळींच्या खुणा) जुळतात म्हणून उत्तर बरोबरच येईल. पण गाळल्यावर मध्ये ओळींना नव्याने क्रमांक देणारा रीसेट_इंडेक्स आला, की भलत्याच ओळींचे आकडे येऊन बसतात आणि एररही येत नाही.

शून्यवजा: ‘साखळी’ला माझं मत, कारण ‘साखळी तुटली’ हे जसंच्या तसं लागू पडतं. सॉर्ट_व्हॅल्यूजला इनप्लेस=ट्रू दिलं की ती नन (पायथनचं ‘काहीच नाही’) परत देते, मग पुढच्या कडीला धरायला काही उरत नाही आणि ‘ननटाइप’ची तक्रार येते. पाइप म्हणजे साखळीत आपलं फंक्शन बसवणारी मेथड; तिच्यात घातलेल्या स्वतःच्या फंक्शनमध्ये रिटर्न विसरलं तरी तेच. ‘पाइप’ पाइपच राहू द्या, ‘नळ’ करू नका.

मात्र ‘चेन्ड असाइनमेंट’ला ‘साखळी’ म्हणू नये. तिथे दोन चौकोनी कंस लागोपाठ येतात: पहिल्याने ओळी निवडायच्या, दुसऱ्याने रकाना, आणि मग किंमत भरायची. पहिल्या कंसातून प्रत हाती आली असेल तर किंमत त्या प्रतीत पडते, मूळ तक्ता कोराच. पांडाज ३ मध्ये कॉपी-ऑन-राइट (बदल करताना आधी प्रत काढणं) कायमचं असल्याने अशी भरलेली किंमत मूळ तक्त्यात कधीच पोहोचत नाही. उपाय एकच, ओळी आणि रकाना दोन्ही एकाच ‘.लॉक’च्या (loc) चौकोनी कंसात देणे. याला मी ‘जोडकंस’ म्हणेन. एक करण्याजोगी गोष्ट, दुसरी टाळण्याजोगी. दोन्हींना एकच नाव दिलं तर नवखा माणूस दोन्ही टाळेल.

कडीकोयंडा: ‘जोडकंस’ घेतला. पण साखळीच्या मध्यात काय चाललंय ते बघायचं कसं?

स्तंभलेखक: तक्त्याचं शेप (ओळी आणि रकाने किती ते) छापून तोच तक्ता परत देणारं दोन ओळींचं फंक्शन लिहा, नाव ‘डोकाव’ ठेवा, आणि हवं तिथे ‘.पाइप(डोकाव)’ लावा. मर्जच्या (किल्लीच्या रकान्यावरून दोन तक्ते जोडण्याच्या)  आधी आणि नंतर तर लावाच. उजव्या तक्त्यात किल्ली दोनदा असली की ओळी गुपचूप वाढतात आणि बेरीज फुगते. मर्जला व्हॅलिडेट="मेनी_टू_वन" दिलं तर तो तिथेच अडतो. वरचं ड्रॉपएनए=फॉल्सही याच जातीचं आहे. ते नसेल तर शाखा रिकामी असलेल्या ओळी ग्रुपबाय न सांगता गाळतो.

शून्यवजा: आणि कड्या आठ-दहाच्या पुढे गेल्या की तो साखळदंड. तिथे मधल्या तक्त्याला नाव द्या, पुढची साखळी त्या नावापासून सुरू करा.