मदत हवी आहे: नाताळात ४० कुटुंबांना किराणा द्यायचाय, किटमध्ये काय घालावं?

रानवेल
यवतमाळ जिल्ह्यातल्या पाच गावांत चर्चच्या नोंदणीकृत ट्रस्टमार्फत ४० कुटुंबांना नाताळाआधी मदत पोचवायची आहे. ६० हजार जमलेत. निम्मी घरं ख्रिस्ती नाहीत. बहुतेक ठिकाणी नवरा वारलेला, बाई एकटी कमावती, सध्या कापूस वेचायला जाते. तांदूळ, गहू आणि कपडे द्यायचा विचार आहे. काय चुकतंय का? वाटप कधी ठेवावं?

पऱ्हाटी
तांदूळ-गहू नका घेऊ भाऊ. अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो, प्राधान्य कार्डावर माणशी ५ किलो धान्य राशनात फुकट मिळतं. घर अडतं ते डाळ-तेलापाशी. पाच माणसांना तूर डाळ ३ किलो, तेल २ लिटर, साखर २ किलो, गूळ १ किलो, चहापत्ती पाव, तिखट पाव, मीठ, हळद, कपड्याचा साबण. सणासाठी रवा १ किलो, मैदा अर्धा, सुकं खोबरं पाव. मिठाईचा तयार डबा देऊ नका. आपल्या चुलीवर करंज्या तळून शेजारी ताट पाठवता आलं, तर त्या बाईच्या घरी सण झाला. ज्यांचं नाव कार्डावरून गळलंय त्यांनाच वर १० किलो ज्वारी द्या.

नवी तूर यायला अजून वेळ आहे, त्यामुळे आता मिळते ती जुन्या मालाची डाळ. पोत्याच्या तळातून मूठ काढून बघा. हाताला भुकटी लागली किंवा दाण्याला भोक दिसलं, तर पोतं परत करा. तेलाचा पाऊच खाली गेला की दबून फुटतो आणि साखर-रवा दोन्ही वाया जातं. तो वेगळ्या पिशवीत बांधून सगळ्यात वर ठेवा. साबणही वेगळा बांधा, नाहीतर रव्याला वास लागतो.

कपडे मापाचे निघत नाहीत, त्याऐवजी घरटी एक ब्लँकेट द्या. उजेडासमोर धरून आरपार दिसलं तर घेऊ नका.

जवस
वाटप २१-२२ तारखेला, संध्याकाळी सहानंतर. वेचणीची मजुरी किलोवर असते, दुपारी बोलावलंत तर त्या बाईचा रोज बुडतो. यादी आशाताई आणि अंगणवाडीताईंकडून वेगवेगळी मागवा, जुळवून बघा. ज्याचं नाव एकाच यादीत आहे, त्या घरी स्वतः जाऊन या. सरपंच आणि पोलीस पाटलांना आधीच लेखी कळवा. पिशवीत धार्मिक पत्रक नको, वाटपाला जोडून प्रार्थनासभाही नको. मदतीला अट आहे असा कुणाचा समज झाला, तर त्रास त्या बाईलाच होतो.

वस्तूंच्या देणगीवर देणाऱ्याला आयकरात (८०जी ची) सूट मिळत नाही, रोखीतही २,००० रुपयांपर्यंतच. मोठी रक्कम ट्रस्टच्या खात्यात ऑनलाइन घ्या. परदेशी नागरिकाचे पैसे मात्र एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय घेऊ नका, ओळखीतला असला तरी.

रानवेल
देणारे फोटो मागतात. आणि जानेवारीनंतर काय?

जवस
फोटो रचलेल्या पिशव्यांचा आणि सह्यांच्या रजिस्टरचा पाठवा. चेहरे नकोत, लेकरांचे तर मुळीच नकोत.

जानेवारीचं काम खरं मोठं आहे. प्रत्येक घरी विचारा: संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याचे १,५०० येतात का? दारिद्र्यरेषेखालच्या घराचा कर्ता ६० च्या आत गेला असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी २०,००० मिळाले का? मुलांना सरकारची बालसंगोपन योजना लागू आहे का? अर्ज अडतो तो मृत्यू दाखल्यापाशी, नाहीतर तहसीलच्या उत्पन्नाच्या दाखल्यापाशी. मंजूर होऊनही पैसे येत नसतील तर बऱ्याचदा खातं आधारला जोडलेलं नसतं, ते बँकेत विचारा. पिशवी देतानाच रजिस्टरमध्ये एक रकाना ठेवा: कोणता कागद नाही. ४० घरांचे कागद एकदम कळले, तर तहसीलच्या दोन-तीन खेपांत काम उरकतं.