मदत हवी आहे: अरॅबिडॉप्सिसची कंट्रोलची रोपंसुद्धा जांभळी पडतायत

राजारामपुरी_आठवी_गल्ली
तातडीचं आहे. एमएस्सी दुसरं वर्ष, प्रोजेक्ट अरॅबिडॉप्सिसवर (मोहरीच्या कुळातलं छोटं तण, प्रयोगांसाठी वापरतात), मिठाच्या ताणात मुळांची वाढ. बी कोल-झिरो, म्हणजे नेहमीचा प्रमाणित वाण. मीठ ० (हेच कंट्रोल), ५०, १०० आणि १५० मिलिमोलर. दहाव्या दिवशी कंट्रोलचीच पानं खालून जांभळी आणि मुळं खुरटी. ५० वाली आणि कंट्रोल शेजारी ठेवली तर कुठली कुठली ते मलाच कळत नाही. सगळं प्रोटोकॉलप्रमाणे केलंय. तिसरी खेप आहे ही. सोमवारी गाइडना आकडे दाखवायचेत. काय चुकतंय?

जुनी_पेट्रीडिश
कुणाच्या प्रोटोकॉलप्रमाणे? तापमान किती, उजेड किती तास, बी फ्रिजमध्ये किती दिवस, माध्यम कुठलं? हे काहीच लिहिलेलं नाही.

राजारामपुरी_आठवी_गल्ली
तापमान रूमचं. ट्यूबलाइटची रॅक, १६ तास चालू, ८ बंद. बी ४ अंशाला ३ दिवस. माध्यम एमएस (मुराशिगे-स्कूग, रोपांसाठीचं पोषक मिश्रण), आमच्या लॅबमध्ये नेहमी असतं तेच. प्लेटा उभ्याच ठेवल्यात.

खिडकीतली_तुळस
"रूमचं" म्हणे! एप्रिलात कोल्हापुरात रूमचं म्हणजे काय ते आम्हाला माहीत आहे. या झाडाला २२ अंशांच्या आसपास लागतं. ट्यूबच्या चोकची ऊब वेगळीच. माझं सहा महिन्यांचं काम असंच गेलं, शेवटी एसी बसवला. एसी बसवा, सगळं सुटेल.

शिरोळचा_ऊसवाला
मधेच बोलतो, राग मानू नका. आमची दोन एकर नदीकाठची जमीन पार क्षारपड झाली. पांढरं मीठ वर येतंय, ऊस गुडघाभर होऊन थांबतोय. जिप्सम टाकू का? आणि त्या इवल्याशा तणावर मीठ घालून काय कळणार? उसावर करा की प्रयोग.

खिडकीतली_तुळस
दादा, ऊस वर्षभर शेतात. हे दीड-दोन महिन्यांत बी धरतं, एका प्लेटीत पंचवीस-तीस रोपं मावतात. शिवाय २००० साली याचा पूर्ण जनुकसंच वाचून झाला, वनस्पतींमध्ये सगळ्यात आधी. उसात प्रत्येक गुणसूत्राच्या आठ-दहा प्रती, तिथं एक जनुक बंद करून बघायचं म्हणजे डोक्याला ताप.

पन्हाळा_पायवाट
तरीपण शेतकऱ्याला काय मिळालं? पेपर छापले, पगार घेतले.

जुनी_पेट्रीडिश
मिळालं. सोडियम मुळातून बाहेर फेकणारा पंप, सॉस-वन, याच झाडात सापडला. तसाच भातातही आहे. आणि काका, जिप्सम चोपण जमिनीला, म्हणजे जिथं सोडियम मातीला चिकटून बसलंय. नुसती क्षारपड असेल तर आधी निचरा, सच्छिद्र पाईप. पाणी जायला वाटच नसेल तर जिप्सम टाकून पैसे वाया. माती तपासून घ्या, मग बोलू.

आता मूळ प्रश्न. तुळस, उष्णतेनं देठ लांबतात, पानं वर उचलतात, रोप किडकिडीत होतं. जांभळेपणा एकट्या उष्णतेनं सहसा येत नाही. ताई, "नेहमीचं माध्यम" म्हणजे नेमकं काय? साखर किती?

राजारामपुरी_आठवी_गल्ली
लॅबमध्ये उसाचं टिश्यू कल्चर चालतं, त्यांचंच. पूर्ण एमएस, साखर लिटरला ३० ग्रॅम. साखर तर सगळेच घालतात ना?

जुनी_पेट्रीडिश
हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं होतंत! ३० ग्रॅम म्हणजे ८८ मिलिमोलरच्या आसपास. तुमचं कंट्रोल आधीच ताणात आहे. जास्त साखरेनं अँथोसायनिन वाढतं, म्हणून जांभळं. अर्धं एमएस घ्या, साखर ५ ते १० ग्रॅम, पीएच ५.७.

दुसरं, बी थेट मिठावर पेरलंय का? तसं केलं तर रुजायला झालेला उशीर आणि वाढीला बसलेला फटका एकत्र मोजला जातो. साध्या प्लेटीत चार-पाच दिवस वाढवा, मग मिठावर हलवा, टोकाची खूण प्लेटीच्या मागे पेननं करा, आठवड्यानं त्या खुणेपासून पुढची लांबी मोजा. सॉस-वनचं म्युटंट (ते जनुक बिघडलेलं रोप) मिळत असेल तर शेजारी लावा. ५० लाच ते कोलमडतं, म्हणजे मीठ बरोबर पडलंय ते कळतं. १०० साठी लिटरला ५.८४ ग्रॅम, एकदा पडताळा.

खिडकीतली_तुळस
तरी एसी लागणारच.

पन्हाळा_पायवाट
गूळ घालून बघा, इथला चांगला असतो.

राजारामपुरी_आठवी_गल्ली
थेटच पेरलं होतं 🙈 आज दुपारी रॅकवर थर्मामीटर ठेवला, ३१ दाखवतोय. म्हणजे तुळसही बरोबर. नवीन माध्यम ओतलं, १० ग्रॅम साखर. रॅक खालच्या मजल्यावरच्या थंड खोलीत हलवते, परवानगी मिळाली तर. सोमवारपर्यंत काही होत नाही, गाइडना खरं सांगते. आणि मागच्या तीन खेपांचे आकडे वापरता येतील का?

जुनी_पेट्रीडिश
नाही.

शिरोळचा_ऊसवाला
माती तपासायला किती खोलवरची घ्यायची?