खुडूक कोंबडीचा आज 18वा दिवस, शेजारीच भाजीचे वाफे करायचेत, दोन्हीबद्दल सल्ला हवाय

परसदारचा_गडी
नमस्कार मंडळी, कराडजवळ गावाकडं घर आहे, मागं दोनेक गुंठे जागा नुसती पडून होती. गावरान कोंबडी खुडूक झाली (म्हणजे अंडी उबवायला बसायला लागली) म्हणून आईनं पाटीत पाचट घालून 12 अंडी ठेवून बसवली, आज 18वा दिवस. काल रात्री कोंबडी दाणे खायला उठली तेवढ्यात मोबाईलचा टॉर्च लावून बघितलं तर 9 अंडी पूर्ण काळी दिसतायत, फक्त बुडाकडं हवेची जागा मोकळी, दोनातून उजेड आरपार जातोय आणि एक हलवलं की आत पाणी डुचमळल्यासारखं होतंय. ही तीन काढू का राहू दे? आई म्हणती आता रोज अंड्यांवर कोमट पाणी शिंपड, शेजारचे काका म्हणतात अजिबात हात लावू नकोस, मी मधल्या मधी अडकलोय.

दुसरं म्हणजे त्याच जागेत मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा आणि थोडी वांगी लावायचीत. खुराड्यात चिक्कार खत साठलंय, खालचं पाचट आणि शिट एकत्रच आहे. ते तसंच वाफ्यात मिसळलं तर चालेल ना? फुकटचं आहे म्हणून विचारतोय.

मळ्यातली_ताई
दादा ते डुचमळणारं अंडं आजच्या आज काढा, अगदी हळू हातानं आणि लांब नेऊन पुरा. नासलेलं अंडं टोपलीत फुटलं की बाकीच्यांवर घाण बसते आणि वास असा सुटतो की दोन दिवस घरात जेवण जाणार नाही (अनुभव आहे 😷). आरपार दिसणारी दोन फळलेलीच नाहीत, ती राहिली तरी बिघडत नाही पण काढली तर जागा होते. हे बघायचं खरं तर 7व्या दिवशी असतं, तेव्हा लाल शिरांचं जाळं दिसतं. असो. आता यापुढं टॉर्च बंद. कोंबडी दिवसातनं एकदा पंधरा-वीस मिनिटं उठते, खाते, पाणी पिते, धुळीत लोळते, तेवढ्यानं अंडी गार पडत नाहीत, तिला धरून परत बसवायला जाऊ नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, 21व्या दिवशी अंड्याला टोचा पडला (पिल्लानं आतनं चोचीनं कवच फोडलं) की लगेच सोलायला बसू नका. टोचा पडल्यापासनं पिल्लू बाहेर यायला 12 ते 24 तास जातात, तेवढ्या वेळात ते आतला पिवळा बलक पोटात ओढून घेतं आणि कवचाच्या आतल्या शिरा सुकतात. आपण घाईनं सोललं की रक्त येतं आणि पिल्लू जातं, मी पहिल्या वेळी दोन अशीच मारलीत. त्या बलकावर पिल्लू दोन दिवस काढतं, त्यामुळं उपाशी आहे म्हणून जीव टाकू नका.

खताचं मात्र ऐका, ताजी कोंबडीची शिट वाफ्यात अजिबात नको. फार गरम खत ते, मेथी उगवतानाच करपेल. आणि मुळा, कोथिंबीर आपण कच्ची खातो, पोटं बिघडतील. उसाचं पाचट आणि शिट थरावर थर रचा, पाणी मारा, पंधरा दिवसांनी एकदा उलथं करा, अडीच-तीन महिन्यांनी काळं भुसभुशीत झालं की उन्हाळी भेंडी-गवारीला घाला, बघा कशी येते. आत्ता जुनं शेणखत कुणाकडं मिळतंय का बघा.

लातूरकर_कोरडवाहू
पाण्याचं थोडं वेगळं मत. टोपली मातीच्या जमिनीवर असेल तर शिंपडायची गरज नाही, खालून ओल मिळतेच. पण माझ्याकडं स्लॅबवर प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये बसवली होती आणि आमच्याकडची कोरडी हवा, शेवटच्या दिवसांत पिल्लं आतल्या पापुद्र्याला चिकटून मेली. पुढच्या वेळी क्रेटच्या बाजूला ओलं पोतं ठेवलं, अंड्यांवर थेंब नाही, तर बरीच निघाली. मशीनमध्ये अंडी उबवणारे शेवटचे तीन दिवस अंडी फिरवणं बंद करून आतली ओल वाढवतात ते याचसाठी. मशीनचंही एकदा करून बघितलं, 37.5 डिग्री धरून ठेवायचं आणि आमची लाईट दिवसातनं चारदा जाणार. खुडूक कोंबडीला लाईट लागत नाही राव.

चिपळूणचा_बाबू
आमच्याकडं ओल एवढी की पाणी शिंपडलं तर अंड्यांवर भात लावता येईल 😂
बाकी पिल्लं निघाल्यावर पाणी उथळ ताटलीत ठेवा आणि त्यात चार खडे टाका, नाहीतर भिजून गारठून मरतात. आणि कोंबडीच्या पिसात उवा झाल्यात का बघा, बसलेल्या कोंबडीला लई होतात. जवळ चुलीतली राख ठेवा, ती आपणच लोळते.

मळ्यातली_ताई
हो आणि वाफा खणून झाला की पेरायच्या आधी दोन दिवस बाकीच्या कोंबड्या त्यात सोडा. हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि काय काय सगळं वेचून खातात. त्यानंतर मात्र जाळी, नाहीतर पेरलेलं दुपारपर्यंत उकिरडा करतील. वाफा चार फुटापेक्षा रुंद नको, दोन्ही बाजूनं हात पोचला पाहिजे. मेथी रात्रभर भिजवा, धने चपलेनं रगडून दोन फाकी करून पेरा.

परसदारचा_गडी
आलो परत, उशीर झाला. रिपोर्ट देतो. 9 पैकी 8 निघाली! एकाला टोचा पडून तसंच राहिलं, रात्री अकरा वाजता नखानं सोलायला हात गेला होता पण ताईंचं वाचलेलं आठवलं म्हणून सोडून दिलं, सकाळी आतच मेलेलं होतं. सोललं असतं तर वाचलं असतं का माहीत नाही, जाऊ दे.

चुलत्याकडनं दोन पाट्या जुनं शेणखत आणलं, वाफे झाले, मेथी उगवली. आणि काल काय झालं ऐका. मी कोंबडीसाठी चार फुटी जाळी मारली होती, भोकं दोन इंचाची. कोंबडी बाहेरच राहिली हो, पण आठच्या आठ पिल्लं भोकातनं आत गेली आणि मेथीचे मोड खात बसली, आणि त्यांची आई बाहेर जाळीला धडका मारतीये, माझी आई आत पिल्लांमागं पळतीये. एक कोपरा साफ झाला. आता खाली फूटभर जुनी साडी बांधलीय.

पिल्लं पाच दिवसांची झालीत, कणी आणि मक्याचा भरडा चालू आहे. रात्री गारठा खूप आहे, पण सगळी आईच्या पोटाखाली जातात. मानमोडीच्या (राणीखेत रोगाच्या) लसीचं विचारलं तर मेडिकलवाला म्हणतो लासोटाची (तीच ती लस) छोटी कुपी पण 100 डोसची. 8 पिल्लांना 100 डोस??

मळ्यातली_ताई
नुसती कणी नको, थोडं चिक स्टार्टर (पिल्लांचं तयार खाद्य) आणा. आणि लस टाळू नका, मानमोडी आली की खुराडं एका आठवड्यात रिकामं होतं. लासोटा 5 ते 7 दिवसांच्या पिल्लाला डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. एकदा कालवली की दोनेक तासात संपवावी लागते, उरलेली ठेवून चालत नाही, म्हणून वस्तीवर कुणाकुणाकडं पिल्लं आहेत विचारा, एकाच दिवशी सगळ्यांची करा, पैसे वाटून घ्या. बर्फाच्या थर्मासातनंच आणायची, खिशात नाही. आधी सरकारी जनावरांच्या दवाखान्यात चौकशी करा, कधी कधी तिथंच होऊन जातं.

परसदारचा_गडी
विचारलं ताई. तीन घरात मिळून 31 पिल्लं निघाली, शेजारचे काका पण यायला तयार झाले, तेच ते हात लावू नको म्हणणारे 😄 परवा सकाळी ठरलंय. थर्मास आईचा चहाचा आहे, तिला अजून सांगितलेलं नाही.